गाणं थांबू नये म्हणून: स्टेजवर वाजवणाऱ्या गिटारिस्टने बॅकअप कसा निवडावा

नवरात्रातला कार्यक्रम होता. कोकणातलं तालुक्याचं गाव, शाळेचं मैदान, शेवटच्या रांगेपर्यंत भरलेल्या खुर्च्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या गिटारचा आवाज खरखरला आणि गेला. केबल हलवली की यायचा, सोडली की जायचा. गिटारला जिथे पिन लागते त्या सॉकेटचा नट ढिला झाला होता, सॉकेट गरागरा फिरत होतं आणि आतली वायर पीळ पडून तुटली होती. हे कळलं दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी कळत होतं ते एवढंच, की लीडचा तुकडा आठ मात्रांवर आलाय आणि गिटार मुकी आहे.

दुसरी गिटार मी नेली होती. पण ती केसमध्ये, केस स्टेजमागे, आणि केसवर साउंडवाल्यांची रिकामी खोकी. दोन महिने ती कुणी उघडली नव्हती. तारा गंजलेल्या, सूर अर्ध्या पट्टीने उतरलेला. ती काढून, सुरात लावून, जोडून परत उभा राहीपर्यंत चार मिनिटं गेली. निवेदकाने तेवढा वेळ किल्ला लढवला, त्याचे उपकार मी आजही मानतो. आपल्याकडे उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तसं ठरवलंय आणि बाराची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते. त्यामुळे त्या चार मिनिटांपायी शेवटचं एक गाणं कापावं लागलं. ते गाणं म्हणायला एक मुलगी रत्नागिरीहून आली होती.

तेव्हापासून मी बॅकअप सेकंदांत मोजतो. आवाज गेल्यापासून परत येईपर्यंत किती सेकंद? या एका प्रश्नावर पुढचं सगळं उभं आहे. ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये, लग्नाच्या संगीतात, दांडियात किंवा गोव्याच्या हॉटेलांत रोज दोन सेट वाजवणाऱ्या कुणालाही ते लागू पडेल.

पहिली पायरी: आवाजाची वाट कागदावर काढा

एक पान घ्या आणि डावीकडे लिहा ‘तार’, उजवीकडे ‘मिक्सर’. मध्ये तुमच्या आवाजाला जे जे ओलांडावं लागतं ते क्रमाने लिहून काढा. माझं पान असं आहे: तार, पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग), गिटारचं सॉकेट, लांब केबल, ट्युनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज कुरकुरीत करणारं पेडल), डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल), मधल्या छोट्या केबली, पेडलांचा वीजपुरवठा, अँप, अँपसमोरचा माइक, साउंडवाल्याची लाइन. बारा ठिकाणं, आणि कुठलंही एक तुटलं की समोर बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही.

आता प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा. हे गेलं तर मी काय करणार, आणि त्याला किती वेळ लागेल. उत्तर ‘माहीत नाही’ असेल तिथे लाल खूण करा. माझ्या पहिल्या पानावर सात लाल खुणा होत्या आणि सर्वांत महागडी वस्तू, म्हणजे अँप, त्यात नव्हतं. त्याचा विचार मी आधीच करून ठेवला होता. ज्यांचा विचारच केला नव्हता त्या सगळ्या हातात मावणाऱ्या वस्तू होत्या.

वेळेचे मी तीन कप्पे करतो. दहा सेकंदांत व्हायला हवं ते हाताशी, स्टेजवर. मिनिटभरात चालेल ते बॅगेत, पण बॅग माझ्या मागेच. दोन गाण्यांच्या मध्ये करता येईल ते केसमध्ये. दांडियात मात्र तिसरा कप्पा नसतोच, कारण तिथे एक गाणं दुसऱ्यात मिसळत जातं आणि तासभर टाळी थांबत नाही. दांडिया वाजवणाऱ्याने सगळं पहिल्या दोन कप्प्यांत बसवावं.

दुसरी पायरी: आधी केबल, तारा, बॅटऱ्या

दुसऱ्या गिटारसाठी पैसे साठवणाऱ्या पोरांना मी आधी केबल घ्यायला लावतो. स्टेजवर सर्वांत जास्त वेळा दगा देते ती केबलच. तिच्यावर पाय पडतात, खुर्च्या फिरतात, पिनेपाशी ती रोज वाकते, आणि आतलं सोल्डर एके दिवशी सुटतं.

गिटारची केबल म्हणजे दोन्ही टोकांना ६.३५ मिलिमीटरची मोनो पिन, दुकानदार जिला पी-३८ म्हणतात. निवडताना पिनेचं झाकण फिरवून उघडून बघा. पिन साच्यात ओतून कायमची बंद केलेली असेल तर ती केबल घेऊ नका, कारण ती मोडली की फेकावीच लागते. उघडणारी पिन दहा मिनिटांत पुन्हा सोल्डर होते. आत वायरचं वरचं आवरण पकडणारी धातूची पट्टी असते, ती घट्ट दाबलेली हवी. ओढ त्या पट्टीवर यायला हवी, सोल्डरवर नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत चांगल्या पिना आणि मीटरवर मोजून केबल मिळते. ती आणून स्वतः सोल्डर करायला शिका, पुढे आयुष्यभर कामाला येतं.

किती लागतात? चालू केबलशिवाय तेवढ्याच लांबीची एक, आणि गिटारपासून थेट अँप किंवा डीआय बॉक्सपर्यंत (गिटार मिक्सरच्या लाइनला जोडणारी डबी) पोहोचणारी एक. दुसरी कशासाठी ते पुढे येईल. सहा मीटरपेक्षा लांब केबल मात्र उगाच घेऊ नका, साध्या गिटारचा वरचा चकाकणारा आवाज लांब केबलमध्ये मंदावतो. पेडलांमधल्या छोट्या केबलींतल्या दोन जास्तीच्या ठेवा. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून घरी प्रत्येक केबल तपासा: टोक ते टोक बीप यायला हवा, टोक ते बाजू येता कामा नये. तपासताना केबल पिनेपाशी वाकवत राहा. सरळ ठेवल्यावर चालणारी आणि वाकवल्यावर बंद पडणारी केबल म्हणजे पुढच्या कार्यक्रमातली फजिती.

तारांचं तेच. इलेक्ट्रिकला माझ्याकडे १०-४६ जाडीचा सेट असतो. पूर्ण दोन सेट आणि वर पहिल्या आणि दुसऱ्या तारेचे सुटे नग, कारण तुटते ती बहुतेक वेळा पहिलीच. तीच तार तिथेच पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष तारेचा नसतो. ब्रिजवर जिथे तार टेकते तिथे धार आली असते. बोटाने लागणारही नाही इतकी बारीक असते ती. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेलीत तर तो बारीक कानशीने पाच मिनिटांत काढून देतो.

तार बदलण्याचा सराव घड्याळ लावून करा. मी करतो ते असं. तुटलेल्या तारेचं खुंटीवरचं वेटोळं पक्कडने काढून खिशात टाकायचं, जमिनीवर नाही, ते पायात घुसतं. नवी तार ब्रिजमधून ओवायची आणि छिद्राशी गोळी टेकल्याचं बोटाला जाणवेपर्यंत ओढायची. मग खुंटीतून काढून, पुढच्या खुंटीच्या किंचित पलीकडे, साधारण पाच सेंटीमीटर जास्तीची ठेवून तोडायची. वाइंडरने (खुंटी फिरवायच्या हँडलने) फिरवताना उजव्या हाताच्या तर्जनीने तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत दाबून धरायची, म्हणजे वेटोळी एकाखाली एक बसतात. सूर लागला की बाराव्या पडद्यापाशी तार चिमटीत धरून हलकेच वर ओढायची, सूर उतरेल, परत लावायचा. हे तीनदा. तिसऱ्यांदा उतरणं जवळपास थांबतं. ही ओढ न देता गाणं सुरू केलंत तर दुसऱ्या कडव्याला तुम्ही बेसूर असता. मला यात दीड मिनिट लागतं. लॉक होणाऱ्या खुंट्या असतील तर पाऊण मिनिट.

अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंग यांनी १९८५ च्या फार्म एड या तिथल्या शेतकऱ्यांच्या मदतीच्या कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर, गाणं म्हणता म्हणता तुटलेली तार बदलली. त्याचं चित्रण आजही पाहायला मिळतं. गळा गातोय, हात तार ओवतायत आणि चेहऱ्यावर कसली म्हणून घाई नाही. तार बदलायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवतो.

बॅटरी: इलेक्ट्रो-अकूस्टिक वाजवणाऱ्यांचा घात याच ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने होतो. नवी अल्कलाइन बॅटरी मीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते. आठच्या खाली गेली की मी ती कार्यक्रमाला वापरत नाही, घरच्या रियाजाला ठेवतो. आणि वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवा. अशा बहुतेक गिटारींत पिन लावली की प्रीअँप (आवाज वाढवणारा आतला भाग) चालू होतो, त्यामुळे पिन रात्रभर तशीच राहिली तर सकाळी बॅटरी मेलेली मिळते. कॅपो, पिक, स्ट्रॅप या वस्तूंबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रत्येकाचा एक जास्तीचा नग ठेवा.

तिसरी पायरी: दुसरी गिटार

इथे लोक दोन टोकांना जातात. काहीजण सुरुवातीला शिकले ती जुनी, वाकलेल्या मानेची गिटार बॅकअप म्हणून नेतात. काहीजण याच निमित्ताने वेगळ्या जातीची गिटार घेतात: पहिली स्ट्रॅटोकास्टर घडणीची, तर दुसरी लेस पॉल. घरी दोन वेगळे आवाज असणं छानच. पण गाण्याच्या मध्यात बोटांना अनोळखी मान हातात येणं वाईट. स्ट्रॅट घडणीच्या गिटारची मोकळ्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते, लेस पॉलची साधारण ६२८. पडद्यांमधलं अंतर बदलतं, तारांचा ताण बदलतो, आणि ज्या ओढीला सूर एक स्वर चढायचा त्याच ओढीला तो पुढे निघून जातो. शिवाय सिंगल कॉइलवरून (एका वेटोळ्याच्या पिकअपवरून) हंबकरवर (दोन वेटोळ्यांच्या) गेलात की आवाज एकदम जाड आणि मोठा होतो. साउंडवाल्याने तासाभरापूर्वी जमवलेला तोल बिघडतो आणि गायिकेच्या मॉनिटरमध्ये तुम्ही तिच्या अंगावर येता.

म्हणून बॅकअप गिटार पहिलीच्या शक्य तितकी जवळची घ्या: तीच लांबी, त्याच जातीचे पिकअप, त्याच जाडीच्या तारा. मुख्य गिटार महाग असेल तर त्याच घडणीचं त्याच कंपनीचं स्वस्त मॉडेल चांगलं. फेंडर वाजवत असाल तर स्क्वायर, गिब्सन असेल तर एपिफोन. जुन्या बाजारातली चालेल, पण घ्यायच्या आधी तीन गोष्टी पाहा. मान बुडाकडून एका डोळ्याने बघून सरळ आहे का, प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार स्वच्छ वाजते का, आणि खुंट्या सूर धरतात का. दिसणं, रंग, ओरखडे याकडे लक्ष देऊ नका. पिकअप मध्यम असले तरी चालतील, खुंट्या आणि नट मध्यम असून चालत नाहीत.

ब्रिजबद्दल माझं मत ठाम आहे: बॅकअप गिटारचा ब्रिज पक्का हवा, हलणारा नको. फ्लॉइड रोझ जातीचा तरंगता ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार तुटली की स्प्रिंगा वरचढ होतात, ब्रिज मागे खेचला जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. पक्क्या ब्रिजवर एक तार तुटली तर पाच तारांवर गाणं पुरं करता येतं. मुख्य गिटार फ्लॉइडची असेल तर बॅकअप पक्क्या ब्रिजची असणं आणखी गरजेचं.

घेतल्यावर दोन्ही गिटारी एकाच कारागिराकडे, एकाच वेळी न्या आणि सांगा, ‘दोन्ही सारख्या लावून द्या.’ बाराव्या पडद्यावर तारांची उंची सारखी, स्ट्रॅपची लांबी सारखी. मी डोळे मिटून दोन्ही घेऊन बघतो. डावा हात आपसूक पाचव्या पडद्यावर गेला तर जमलं. आवाजाची उंची सारखी करायला पिकअपचे स्क्रू फिरवून ते तारांपासून थोडे दूर किंवा जवळ घ्या. तेवढ्यानेही उरला फरक तर बॅकअपचा व्हॉल्यूम कितीवर ठेवायचा त्याची नॉबवर खूण करा. माझ्या दुसऱ्या गिटारच्या नॉबवर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. अंधारात दिसतो, पुसला जात नाही.

अकूस्टिक वाजवणाऱ्याला दुसरी गिटार परवडत नसेल तर एक सोपा तोडगा आहे: गिटारच्या मधल्या गोल छिद्रावर अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप. गिटारच्या आतला प्रीअँप मेला तर हा अर्ध्या मिनिटात बसतो आणि केबल थेट त्यालाच असते. आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो, पण गाणं चालू राहतं. तारा स्टीलच्या हव्यात, नायलॉनवर तो चालत नाही.

आता जागा. बॅकअप गिटार स्टँडवर, उजव्या हाताला, स्ट्रॅप लावलेली, सुरात, व्हॉल्यूम शून्यावर. केसमध्ये ठेवलेली गिटार बॅकअप नसते, हे मी त्या मैदानावर शिकलो. मध्यंतरात तिचा सूर पुन्हा तपासा. वातानुकूलित गाडीतून उतरलेली गिटार दमट मंडपात आणि हॅलोजनच्या उष्णतेत तासाभरात सरकते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात न वाजवलेल्या तारासुद्धा महिन्याभरात काळ्या पडतात. लेप दिलेल्या तारा महाग असतात, पण बॅकअप गिटारवर त्याच लावा. तिथे त्या खरंच पैसे वसूल करतात.

बदलण्याचा क्रम हाताला बसलेला हवा. पायाने ट्युनर दाबा, म्हणजे आवाज बंद. केबल काढा, गिटार बदला, केबल लावा, व्हॉल्यूम ठिपक्यापर्यंत आणा, ट्युनर सोडा. पहिली पायरी विसरलात तर पिन निघताना स्पीकरमधून धाडकन आवाज जातो. साउंडवाल्याचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो. अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉन यांचं १९८९ च्या ऑस्टिन सिटी लिमिट्स या टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमातलं चित्रण बघा. सोलोच्या मध्येच तार तुटते, त्यांचे गिटार सांभाळणारे रेने मार्टिनेझ दुसरी गिटार घेऊन येतात आणि गाणं क्षणभरही विस्कटत नाही. आपल्याकडे बहुतेकांना असा माणूस नसतो, म्हणून तो क्रम आपल्याच पायांना शिकवावा लागतो.

चौथी पायरी: अँप किंवा पेडलबोर्ड गेला तर

आधी ती थेट केबल. पेडलबोर्डातला कुठला दुवा मेलाय हे गाणं चालू असताना शोधत बसू नका. बोर्ड सरळ बाजूला ठेवा, गिटार थेट अँपला जोडा, अँपचा गेन थोडा वाढवा आणि वाजवा. डिले नसल्याचं समोर बसलेल्या कुणालाही कळत नाही. दोष गाणी संपल्यावर शोधता येतो.

अँपच गेला तर? आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात अनेकजण अँप नेतच नाहीत, मल्टिइफेक्ट (अनेक पेडलांचं काम करणारं एकच यंत्र) थेट मिक्सरला देतात. अँप नेणाऱ्यांनीही बॅकअप म्हणून दुसरा अँप वाहून नेऊ नये. एक छोटा मल्टिइफेक्ट किंवा अँपचा आवाज देणारं पेडल पुरतं. निवडताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: त्यात कॅबिनेट सिम्युलेशन आहे का. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं तर तो सगळा वरचा कचरा ऐकू येतो आणि गिटारचा आवाज गांधीलमाशीसारखा होतो. कॅबिनेट सिम्युलेशन तोच भाग कापून टाकतं.

दुसरी गोष्ट वीज. बॉसचं जीटी-१ किंवा झूमचं जी-वन फोर चार पेन्सिल सेलवर चालतं. बॅकअपसाठी हा मोठा गुण आहे, कारण अँप जिथे मरतो तिथे बरेचदा वीजच खराब असते. अशा यंत्रात शंभर आवाज असतात, तुम्ही तीनच ठेवा: स्वच्छ, कुरकुरीत, लीड. तिन्हींची उंची बँडबरोबर वाजवून जमवा, हेडफोनवर जमवलेलं स्टेजवर हमखास चुकतं. मुख्य यंत्र मोठं मॉडेलर (अँप आणि पेडलांच्या आवाजांची नक्कल करणारं) असेल तर त्यातल्या सेटिंगची प्रत संगणकावर आणि पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

डीआय बॉक्स स्वतःचा घ्या. गिटारचा नाजूक सिग्नल लांब लाइनवरून मिक्सरपर्यंत सुखरूप न्यायचं काम तो करतो. पेडलनंतर लावायचा असेल तर पॅसिव्ह पुरतो, त्याला वीजच लागत नाही. प्रीअँप नसलेल्या पीझो पिकअपच्या (ब्रिजवरच्या दाबातून आवाज उचलणाऱ्या) अकूस्टिकला मात्र अॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, हवा, आणि त्याला बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. साउंडवाल्याला आधीच सांगा. ग्राउंड लिफ्टचं बटण असलेलाच घ्या, कारण पुढच्या पायरीत ते लागणार आहे.

ट्यूब अँप असेल तर पाठीमागे लिहिलेल्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा फ्यूज दोन नग ठेवा. बदललेला फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावू नका, जास्त अँपिअरचा तर कधीच नाही. फ्यूज जास्त मोठी हानी थांबवत असतो. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अँप चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पाचवी पायरी: मंडपातली वीज

हा भाग मी सर्वांत गंभीरपणे लिहितोय, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. मंडपात, जत्रेत, गल्लीतल्या स्टेजवर अर्थिंग असेलच असं नाही. गिटारच्या तारा केबलमार्फत अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ नीट नसेल आणि माइक दुसऱ्या लाइनवर असेल, तर हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो. ओठाला बारीक मुंग्या आल्या तरी थांबा. ‘थोडा करंट मारतोय, चालेल’ म्हणून पुढे वाजवू नका.

माझा नेम असा. साउंड लागला की, वाजवायच्या आधी, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवतो, एक काडी गिटारच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला. हे करताना स्वतः दोन्हींना हात लावत नाही. दोन-तीन व्होल्ट दिसले तर ठीक. वीस-तीस किंवा त्याहून जास्त दिसले तर साउंडवाल्याला बोलावतो. बहुतेक वेळा गिटारचा अँप आणि साउंड एकाच बोर्डावर घेतल्याने प्रश्न मिटतो. मिटला नाही तर आयोजकांच्या वायरमनला बोलवावं लागतं, आणि तोवर मी वाजवत नाही. सॉकेटलाही मीटर लावा. आपल्याकडे २३० व्होल्ट अपेक्षित असतात. जनरेटरवर आकडा खालीवर नाचत असेल तर तो स्थिर होईपर्यंत काहीच जोडू नका.

हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, यायला लागला की काहीजण प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण झटक्यापासून वाचवणारी एकमेव वायर तुम्ही तोडलेली असते. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा, तो फक्त आवाजाच्या लाइनमधली जोडणी तोडतो, विजेचा अर्थ तसाच राहतो.

पेडलांचा वीजपुरवठा हा बोर्डाचा कणा आणि त्याचा बॅकअप मात्र कुणीच नेत नाही. साधं ओव्हरड्राइव्ह वीस मिलीअँपिअरच्या आत भागतं. डिजिटल पेडलांना शंभर, दोनशे, तीनशेही लागतात, आणि लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पसारख्या यंत्राबरोबर ९ व्होल्टवर तब्बल ३ अँपिअर देणारा अडॅप्टर येतो. दुसरा अडॅप्टर घेताना चार गोष्टी जुळवा: व्होल्ट, अँपिअर पुरेसे किंवा जास्त, पिनेचा व्यास, आणि ध्रुव. गिटार पेडलांत बहुधा मधली पिन ऋण असते. राउटरचा किंवा इतर कुठला अडॅप्टर मधली धन असलेला निघतो आणि पेडल जाळू शकतो. जमलेल्या अडॅप्टरवर पेडलचं नाव लिहून चिकटवा. स्वतःचा एक्स्टेंशन बोर्डही न्या, तीन पिनी, पाच मीटर वायरचा आणि चांगल्या कंपनीचा. सोबत पंधरा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्ये छोटा प्लग बसवणारा कन्व्हर्टर. शाळांच्या हॉलमध्ये हवी ती जागा नेमकी मोठ्या सॉकेटची निघते.

वायरलेस वापरत असाल तर एकच सूचना: केबल गुंडाळून अँपवर टांगून ठेवा, एक टोक आधीच सुटं काढून. २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारे संच घरी उत्तम वाजतात आणि प्रेक्षकांच्या हजार मोबाइलांसमोर अडखळू शकतात.

पैसे कमी असतील तर कोणत्या क्रमाने घ्यायचं

आधी तारा, दोन केबली, बॅटऱ्या, वाइंडर, पक्कड, मल्टिमीटर. ही पिशवी तयार झाल्यावर तुम्ही आजवर जितक्या वेळा अडलात त्यातल्या बहुतेक वेळांना उत्तर मिळतं. मग डीआय बॉक्स आणि अडॅप्टर. मग सेलवर चालणारा छोटा मल्टिइफेक्ट. दुसरी गिटार चौथ्या क्रमांकाला, आणि तोवर बँडमधल्या किंवा गावातल्या मित्राची मागून न्या. मागून आणलेली गिटारही आदल्या दिवशी आणा, नव्या तारा लावून द्या आणि दोन तास वाजवा. फक्त फ्लॉइड रोझ वाजवणाऱ्यांनी दुसरी गिटार आधी घ्यावी.

बँडबरोबर मुद्दाम मोडून बघा

तालमीच्या दिवशी एखाद्याला सांगून ठेवा, ‘कुठल्याही गाण्यात माझी केबल काढ.’ मग बाकीचे काय करतात ते पाहा. आमच्यात ठरलेलं आहे: मी डावा हात वर केला की की-बोर्डवाला गिटारचा तुकडा पॅडवर उचलतो, ढोलकी आणि ऑक्टोपॅड ताल धरून ठेवतात, आणि गायक मुखडा पुन्हा घेतो. कुणी माझ्याकडे वळून बघत नाही. बघितलं की प्रेक्षकही बघतात. पहिल्या तालमीत आम्हाला पन्नास सेकंद लागले. चौथ्या तालमीत बावीस. की-बोर्डवाल्याने माझे चार महत्त्वाचे तुकडे स्वतःच्या वहीत लिहून घेतलेत, मी त्याचे दोन पाठ केलेत.

पिशवी नेहमी एकाच जागी ठेवा, माझी अँपच्या डावीकडे असते. आत तारा वरच्या कप्प्यात, केबली चिकटपट्टीने बांधलेल्या, बॅटऱ्या मूळ वेष्टनात, कारण सुट्या ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं किल्लीला टेकली की ती तापते. एक छोटा टॉर्च, कपाळावर बांधायचा असेल तर उत्तम. तार ओवताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि रंगीत लाइटमध्ये ब्रिजचं छिद्र दिसत नाही. सॉकेटचा नट आवळायला पाना ठेवा आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी तो नट बोटाने हलवून बघा. सगळ्या पिशवीत मला आता त्या पान्याइतकं काहीच जवळचं वाटत नाही.

कार्यक्रमात एखादी केबल दगा देऊन गेली, तर ती काढल्या काढल्या तिथेच, स्टेजवर, तिच्या मध्यावर गाठ मारा. रात्री अकराला सामान आवरताना सगळ्या काळ्या केबली सारख्याच दिसतात, आणि गाठ नसलेली खराब केबल पुन्हा चांगल्यांबरोबर पिशवीत जाते.